मापकाकांचा डावा बूट

ताप आम्हा तिघांनाही आला होता, हे आधीच सांगून ठेवते. त्या थंडीत आमच्या रस्त्यावर ताप आला नाही असं घर शोधून सापडलं नसतं. अंग ठणकलं, घसा धरला, नाक वाहिलं, चार दिवस पांघरुणात काढले आणि उठलो. दुकानाचं शटर वर गेलं. तापाचा विषय तिथंच मिटला असं आम्ही धरून चाललो. आता कुणी माझ्यासमोर ‘साधा व्हायरल होता हो’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी आधीच तापट, त्यात हे.

सांगतेय ते माझ्या भावजींबद्दल, म्हणजे ताईच्या नवऱ्याबद्दल. सगळे त्यांना मापकाका म्हणतात. ते बूट बनवतात. दुरुस्तीही करतात, पण कुणी ‘दुरुस्तीवाले’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. खाली दुकान, वर आम्ही तिघं. मी लग्नाच्या फंदात पडले नाही. ताईकडे राहायला आले, दुकानातल्या शिलाई मशीनवर बसले, ती बसलेच. बुटाचा वरचा भाग मी शिवते, तळ आणि टाच भावजी बसवतात. दिवसभर आमच्या दोघांत जेमतेम तीन हातांचं अंतर असतं आणि भांडायला तेवढं पुरतं.

माणूस दारात आला की भावजी आधी त्याचे पाय बघतात, मग तोंड. नावं त्यांच्या लक्षातच राहत नाहीत. त्यांच्या लेखी एक ‘सपाट तळव्यांचे वकील’ असतात, एक ‘अंगठ्याशी हाड वाढलेल्या बाई’ असतात. ताई त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली ती तुटलेली टाच घेऊन. तेव्हा ती माझ्याएवढीच सडपातळ होती आणि बऱ्यापैकी देखणीही. त्यांनी बूट उलटा करून पाहिला आणि विचारलं, “कमरेत डाव्या बाजूला दुखतं का हो तुमच्या?” खरंच दुखायचं. घरी येऊन ताई म्हणाली, “मेल्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही माझ्याकडे.” म्हणाली आणि हसली. तेव्हाच मी ओळखलं, ही आता हातची गेली.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर छतापर्यंत फर्मे टांगलेले आहेत. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायासारखाच कोरलेला लाकडी पाय. त्याच्यावर कातडं ताणून बूट घडवायचा. नवीन माणूस दुकानात आला की त्या भिंतीकडे बघून दचकतो. भावजींना मात्र त्या लाकडी पायांशी जिवंत माणसांपेक्षा बरं बोलता येतं. त्यांचा एकच नियम होता. पाय खोटं बोलत नाही, दुखत असेल तर चूक बुटाची. गिऱ्हाईक लंगडत आलं की ते त्याचं काही ऐकून घ्यायचे नाहीत, बूट काढून घ्यायचे, आत हात घालून बोटांनी चाचपायचे आणि डोळे मिटायचे. आणि बहुतेक वेळा चूक सापडायची. शिवणीची गाठ म्हणा, वर आलेलं खिळ्याचं टोक म्हणा, नाहीतर एका बाजूनं दबलेला तळ. माणूस सरळ चालत जायचा आणि भावजी माझ्याकडे असं बघायचे, जणू त्या माणसाला पाय त्यांनीच दिले.

त्यांना साखरेचा आजार फार वर्षांचा. रक्तदाब त्याच्या पाठोपाठ पाहुण्यासारखा आला आणि मुक्कामच ठोकून बसला. ताई सकाळ-संध्याकाळ गोळ्या तळहातावर ठेवायची, ते गिळायचे. त्यापलीकडे त्यांनी त्या दुखण्याला किंमत दिली नाही. बोलणं मुळात तिखट, म्हणून मी म्हणायची, “भावजी, तुमचा सगळा गोडवा रक्तात उतरला, जिभेला काही उरलाच नाही.” तळवे जरा बधिर झाले होते. खाली पडलेला एखादा खिळा पायात शिरला, तर त्यांना मोज्यावरचं रक्त बघून कळायचं. त्यावरही आम्ही हसलो आहोत. कशाकशावर हसलो आम्ही!

म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. आमच्याकडे ताप हत्तीसारखा आला आणि हत्तीसारखाच निघून गेला. त्याच्या मागून मुंगीच्या पावलानं जे घरात शिरलं, ते कुणाला दिसलं नाही.

दुकान पुन्हा सुरू होऊन आठवडा-दीड आठवडा झाला असेल. भावजी कातड्याच्या व्यापाऱ्याकडे जाऊन आले ते कपाळाला आठ्या घालूनच. स्टुलावर बसले आणि डाव्या पायातला बूट काढून हातात घेतला.

“पोटरीत गोळा येतोय,” ते म्हणाले. “चाललं की येतो, थांबलं की जातो.”

“म्हातारे झालात,” मी मशीनवरून मान वर न काढता म्हणाले.

“तळ कडक झालाय. थंडीत वाकत नाही, म्हणून पोटरीवर ताण येतो.”

त्यांनी तो तळ उसवला आणि मऊ कातड्याचा नवा घातला. दुसऱ्या दिवशी दुधाच्या दुकानापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा तेच. मग टाच उंच केली, पोटरीला आराम पडावा म्हणून. मग एवढी उंच टाच नको म्हणून थोडी कमी केली. गिऱ्हाइकांचे जोड रांगेत पडून राहिले आणि आमचे उस्ताद आपलाच एक बूट घेऊन बसले. माझा पारा चढायला लागला. मी म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं, तसं चालता येईना बूट वाकडा.”

“तू मशीन चालव,” ते म्हणाले.

ताई जिन्यात उभी होती. ती फार बोलणाऱ्यांतली नाही. “अहो, एकदा डॉक्टरांना पाय दाखवून या ना,” एवढंच म्हणाली.

“डॉक्टर काय बूट उसवून बघणार आहे?”

ताई परत वर गेली. नवऱ्याची उभी हयात बुटांत गेलेली, आणि बुटातली चूक त्याच्याआधी कुणाला सापडल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं.

नंतर पाय गार पडायला लागला. फक्त डावा. भावजींनी त्यावर तोड काढली. आत नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा थर घातला. थर घातल्यावर बूट आवळ झाला, म्हणून चवड्याकडे सैल केला. सैल केल्यावर पाय आत सरकायला लागला, म्हणून नवं अस्तर लावायचं ठरलं. दरवेळी त्यांचं कारण इतकं पटण्यासारखं असायचं की मी वैतागायची ती कामाच्या खोळंब्यावर, पायावर नाही. एकदा मी बँकेतून येत होते, तर भावजी समोर छत्र्यांच्या दुकानासमोर उभे राहून काचेतून आत बघत होते. जरा पुढं गेले आणि चष्म्याच्या दुकानासमोर उभे राहिले. मग कुलपांच्या. छत्री घ्यायची नाही, चष्मा घ्यायचा नाही, आणि आमच्या घराला कुलूप लावायचं म्हटलं तर आत नेण्यासारखं काही नाही. मी जवळ जाऊन विचारलं, “काय खरेदी चाललीये?” तर म्हणाले, “बघतोय नुसतं.” पोटरी सुटेपर्यंत उभं राहायचं आणि लोकांना कळू द्यायचं नाही, एवढंच ते चाललं होतं. अख्ख्या वस्तीला सरळ चालायला लावणारा माणूस लंगडताना दिसला तर शोभा झाली असती ना.

अस्तराचं कातडं मी आणलं होतं. तपकिरी, पातळ, छान मऊ. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे नव्हतं म्हणून नव्या माणसाकडून घेतलं. भावजींनी ते नाकाला लावून हुंगलं आणि म्हणाले, “याचा रंग सुटणार.” मी म्हणाले, “तुमचा सुटेल, याचा नाही.” त्यांनी ते बुटाला लावलं आणि चार-सहा दिवस तो बूट घालून हिंडले.

एके दुपारी मी मशीनमध्ये दोरा ओवत होते. मागच्या मोरीतून भावजी बाहेर आले. डावा पाय उघडा, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, एका हातात थिनरची डबी आणि दुसऱ्या हातात चिंधी. चेहरा रागानं लाल.

“धाकटे, हे कुठलं कातडं आणलंस? बघ.”

मी बघितलं. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं काळीनिळी झाली होती. बुटाच्या पॉलिशमध्ये बुडवून काढल्यासारखी. चवड्याच्या कडेलाही तसाच रंग ओघळलेला होता.

“कालपासून घासतोय. साबण झाला, दगड झाला, थिनर झालं. निघत नाही. सांगितलं होतं तुला, रंग सुटणार म्हणून. पण तुला अक्कल जास्त.”

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पाय दिसलाच नाही. मला माझ्या कातड्याची बदनामी दिसली. तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या धंद्यात रंग पक्का की कच्चा ते बघायची एक साधी रीत आहे. पांढरं फडकं ओलं करायचं आणि कातड्यावर जोरात घासायचं. रंग कच्चा असला तर फडक्यावर उतरतो, त्यात वादाला जागा नसते. मी उठले, त्यांच्या बुटातलं अस्तर त्यांच्या डोळ्यांदेखत फाडून काढलं, पाटावर ताणून धरलं आणि पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घासायला लागले. दंड दुखेपर्यंत घासलं. मग फडकं उलगडून त्यांच्या नाकासमोर धरलं.

“आहे रंग? दाखवा कुठं आहे. माझं कातडं पक्कं आहे.”

फडकं पांढरं होतं.

भावजी फडक्याकडे बघत राहिले. मी भांडण जिंकले होते. कातड्याचा रंग सुटला नव्हता, तर मग पायावर होता तो रंग कसला?

त्यांनाही तेच सुचलं असणार. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं, ओली बाजू वर केली आणि आपल्या करंगळीवर घासली. मग पुढच्या बोटावर. फडकं पांढरंच राहिलं. ते आणखी जोरात घासायला लागले तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं त्या बोटांना हात लावला. मी त्यांच्या पायाला उभ्या जन्मात कधी हात लावला नव्हता. बोटं गार होती. थंडीत होतात तशी गार नव्हे. फरशी गार असते, तशी. मी करंगळी चिमटीत धरून दाबली.

“दुखतंय?”

“तू दाबतेयस का?” त्यांनी विचारलं.

मी ताईला हाक मारली, ती अशी की ती जिना उतरून नाही, जिन्यावरून घसरतच आली.

दवाखान्यात आम्हाला बसवून ठेवलं नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं. एरवी तिथं बाकावर बसून माणसाची निम्मी दुखणी आपोआप बरी होतात. एका डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि लगेच त्यांना आत नेलं. माझ्या निम्म्या वयाच्या असतील, पण आवाज शांत होता. त्यांनी घोट्यापाशी दोन बोटं ठेवली, पायाच्या वरच्या बाजूला ठेवली, गुडघ्यामागं ठेवली. मग पेनासारखं एक यंत्र आणलं आणि ते उजव्या पायावर टेकवलं. त्यातून आवाज यायला लागला. कुणीतरी फरशीवर ओला झाडू मारतंय तसा, सपक, सपक, सपक.

“हा रक्ताचा आवाज,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी ते डाव्या पायावर टेकवलं. नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली, पुन्हा बदलली. खरखर.

“मशीन बिघडलं असेल,” भावजी म्हणाले.

बाईंनी ते पुन्हा उजव्या पायावर धरलं. सपक, सपक. मशीन ठणठणीत होतं. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वण उठला होता.

“मागच्या महिन्या-दोन महिन्यांत काही आजारपण?” बाईंनी विचारलं.

“नाही,” भावजी म्हणाले.

“नाही हो,” ताई म्हणाली.

मीही मान हलवली. आम्ही तिघंही खरंच बोलत होतो.

“ताप, सर्दी, खोकला असलंही काही नाही?”

“तो आला होता,” ताई म्हणाली. “पण तो काय, सगळ्यांनाच आला होता.”

बाईंनी लिहिणं थांबवलं आणि स्टूल ओढून भावजींच्या समोर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. तापाचा विषाणू नाकाघशातून आत येतो, पण तो तिथंच थांबेल असं नाही. त्याच्याशी लढताना सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांना आतून सूज येऊ शकते. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, गुळगुळीत. त्याच्यामुळंच रक्त कुठं न चिकटता वाहतं. ते अस्तर सुजलं, खरखरीत झालं, की रक्त त्याला धरायला लागतं आणि गुठळी होते. त्यात तापानं रक्तही चिकट झालेलं असतं. ताप उतरला म्हणून हे लगेच संपत नाही. कित्येक आठवडे, कधी महिनेही चालतं. ज्यांना साखर आहे, रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचं किंवा हृदयाचं दुखणं आहे, त्यांचं अस्तर आधीच विरलेलं असतं. त्यांच्या बाबतीत धोका जास्त. कुणाची गुठळी हृदयात होते, कुणाची मेंदूत. यांची पायात झाली होती.

“मग आम्हा दोघींना कसं काही झालं नाही?” मी विचारलं.

“बहुतेकांना होत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच ज्यांना होतं त्यांच्या लक्षात येत नाही.”

अस्तर हा शब्द भावजींना समजावून सांगायची गरज नव्हती. ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माणसाला भर रस्त्यात अनोळखी कुणीतरी थोबाडीत मारली तर तो जसा बघेल, तसे ते बघत होते.

“म्हणजे,” ते म्हणाले, “बूट बरोबर होता?”

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. तळ बरोबर होता, टाच बरोबर होती, नमदा आणि अस्तर बरोबर होतं. पोटरीत गोळा आला तेव्हा पायाला रक्त कमी पडत होतं. पाय गार पडला तेव्हा आणखी कमी पडत होतं. पाय बिचारा सगळं खरं सांगत होता, आणि आम्ही प्रत्येक वेळी तो बूट उसवून पुन्हा शिवला. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा असला अंधार. गोळा यायला लागला त्या दिवसांत आला असतात तर, एवढं बोलून बाई थांबल्या. मला त्यांचाही राग आला, आमचाही आला, आणि तापाच्या गोळ्या देऊन ‘आराम करा, पाणी प्या’ सांगणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा तर फारच आला. साखरेचं माणूस आहे हे त्यांना ठाऊक होतं. महिनाभर पायाकडे, श्वासाकडे, छातीकडे लक्ष ठेवा, एवढं एक वाक्य बोलायला काय जिभेला काटे टोचत होते?

मोठे सर्जन आले. त्यांनी सांगितलं की नळी घालून गुठळी काढून बघू, रक्त खालपर्यंत पोचलं तर नुसती पुढची बोटं आणि चवडा जाईल. नाही पोचलं तर गुडघ्याखालून कापावं लागेल, नाहीतर विष अंगात भिनून माणूस जाईल. भावजींनी सर्जनच्या बाहीला धरलं.

“डॉक्टर, बोटं घ्या. चवडा घ्या. टाच तेवढी ठेवा. टाच राहिली की मी त्याच्यावर बूट बांधतो. पुढं लाकूड भरतो, मी चालतो. टाच ठेवा.” मग हातांनी हवेतच दाखवायला लागले, कुठून कापलं तर कसा फर्मा बसेल ते. सर्जन घाईत होते, पण ऐकत उभे राहिले. “प्रयत्न करतो,” म्हणाले.

त्यांनी प्रयत्न केला, यात मला शंका नाही. मांडीतली, गुडघ्यामागची वाट मोकळी झाली. त्याच्या खालच्या बारीक वाहिन्या मात्र आत मिटूनच गेल्या होत्या, त्यांत रक्त उतरेना. भावजींना परत खोलीत आणलं तेव्हा पांघरुणाखाली एक पाय पुरता दिसत होता आणि दुसरा मधेच संपत होता. मी ते बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रडू आलं नाही. एवढा धडधाकट माणूस, चार दिवसांचा ताप, आणि त्याच्या मोबदल्यात अख्खा पाय? हा कुठला हिशोब? भावजी शुद्धीवर आले, त्यांनी हात खाली नेला, चाचपून पाहिलं. गिऱ्हाइकाच्या बुटात हात घालून चाचपायचे तसंच, डोळे मिटून. बराच वेळ चाचपत होते. मग हात वर घेतला आणि ताईला म्हणाले, “उजव्याकडे लक्ष ठेव.”

ताई लक्ष ठेवते. रोज सकाळी त्यांचा उजवा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतून बघते, घोट्यापाशी बोटं ठेवून ठोका शोधते. डॉक्टरीणबाईंनीच तिला शिकवलं. कधीकधी ठोका चटकन सापडत नाही, तेव्हा घरात आम्ही तिघंही श्वास धरून बसतो.

घरी आणल्यावर महिनाही झाला नसेल, भावजी खाली उतरण्यासाठी हट्ट धरून बसले. जखम अजून ओली होती, कृत्रिम पायाला अवकाश होता. मी आणि ताईनं त्यांना खुर्चीसकट उतरवलं. ते आपल्या स्टुलावर बसले, रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, हातात घेतली आणि काम सुरू केलं. गिऱ्हाइकं यायची, विजारीच्या दुमडलेल्या पायाकडे बघून चुकचुकायची. भावजी त्यांच्या पायांकडे बघायचे. पूर्वीही बघायचे, पण आता त्यात भीती असायची.

अशाच एका सकाळी पोस्टमन आला. म्हणजे निवृत्त पोस्टमन, आमचं जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर चालण्याचा पगार घेतलेला माणूस. त्यालाही साखर होती. थट्टेखोर स्वभावाचा. आला तो बसताबसताच म्हणाला, “मापकाका, हा उजवा बूट चावायला लागलाय. इतकी वर्षं पाळला, आता चावतोय. जरा ताणून द्या.”

भावजींनी रापी खाली ठेवली. “ताप आला होता का हल्ली?”

“आला होता की. गेला पण. बुटाचं बोला.”

“मोजे काढा.”

“मोजे नाही चावत हो.”

“काढा.”

पोस्टमननं हसत हसत मोजे काढले. भावजी पुढं वाकले आणि त्यांनी दोन्ही तळहात त्याच्या दोन्ही पायांवर ठेवले. मी मशीन थांबवलं.

“उजवा गार आहे,” भावजी म्हणाले.

“थंडीच आहे ना, काका.”

“डावा गरम आहे.”

पोस्टमनचं हसू जरासं ओसरलं, पण त्यानं पाय मागं घेतला. “द्या आता बूट ताणून.”

“बूट ताणणार नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. घरी जाऊ नका, जेवायला थांबू नका. हीसुद्धा येईल सोबत.” ही म्हणजे मी.

“काका, तुमच्यावर प्रसंग आला, वाईट झालं. पण म्हणून सगळ्यांवरच येतो असं नसतं.” तो मोजे चढवायला लागला. “बुटाचं काम घेऊन बूटवाल्याकडे आलो, तर तुम्ही डॉक्टरकी करायला लागलात. नसेल जमत तर नाही म्हणा. पुढं दुसरं दुकान आहे, तो ताणून देईल.”

“तो ताणून देईल,” भावजी म्हणाले. “म्हणूनच सांगतोय.”

पोस्टमन दुखावला होता. त्यानं बुटात पाय कोंबले आणि आमच्याकडे न बघता दाराबाहेर पडला. भावजींनी हाक मारली. पुन्हा मारली. मग ते त्याच्या मागं जायला स्टुलावरून उठले, जसे आयुष्यभर उठत आले तसेच, डावा पाय आधी टाकून.

तो पाय नव्हता. ते कोसळले ते थेट ताज्या जखमेवर. स्टूल कलंडलं, खिळ्यांचा डबा सांडला. मी धावत जाऊन त्यांच्याजवळ बसले. पट्टीवर लाल डाग उमटून पसरत होता. मी त्यांच्या काखेत हात घातला, तर त्यांनी मला ढकललं. चांगलं जोरात ढकललं.

“माझ्याकडे काय बघतेस? त्याला धर.”

“भावजी, रक्त येतंय.”

“येतंय ना? येऊ दे. धाकटे, त्याला धर.”

मी जिन्याकडे तोंड करून ताईला हाक मारली आणि रस्त्यावर धाव घेतली. सकाळची गर्दी होती. तो चौक ओलांडून गेला असेल, मला सापडणार नाही, याच भीतीनं मी लोकांना धक्के देत सुटले. पण पोस्टमन लांब गेलाच नव्हता. चार दुकानं सोडून एका पायरीवर बसला होता. एका हातानं पोटरी चोळत होता आणि दुसरा हात बुटात घालून, आत काय टोचतंय ते चाचपून बघत होता.